प्रश्न विचारायची सोय

जयपूरहून आग्रा रोडने पूर्वेला निघालं की पंधरा-एक किलोमीटरवर कानोता लागतं. इथे गढी आहे, बांध आहे, आणि हल्ली रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या कॉलन्यांचे बोर्ड आणि खासगी कॉलेजांच्या पिवळ्या बसगाड्या आहेत. पण कानोत्याचं नाव परमुलखात झालं ते एका डायरीमुळे. इथल्या ठाकूर घराण्यातले अमरसिंह १८९८ साली डायरी लिहायला बसले, ते १९४२ मध्ये डोळे मिटेपर्यंत लिहीत राहिले. चव्वेचाळीस वर्षं, ८९ खंड, सगळं इंग्रजीत. चीनची मोहीम झाली, पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमिया झालं, वही काही सुटली नाही. रुडॉल्फ या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्यासह त्यातल्या निवडक भागाचं पुस्तक केलं, तेव्हा ती बाहेरच्या जगाला कळली. अमरसिंहांना वाचनाचा मोठा नाद होता. मला मात्र त्यांची एक अडचण सारखी दिसते. जगातलं पुष्कळसं त्यांच्यापर्यंत छापील पानावरून येत होतं, आणि छापील पानाला उलटून काही विचारता येत नाही.

ही अडचण मला दिसते, कारण माझा जन्म तिच्यातच गेला. मी नाशिकची. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रात रविवारी संमंत्रक म्हणून जायची. समोर बसकंडक्टर, अंगणवाडी सेविका, दोन पोरांची आई असे विद्यार्थी. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी इकडे आले. आता समोरच्या घरातली मुलगी यंदा प्रथम वर्षाला लागली आहे, घराण्यातली पहिलीच. कॉलेजचे काही तास मीटिंगवर होतात. तिच्या हातात भावाशी वाटून घेतलेला एक फोन आणि तोंडात एकच वाक्य, "आंटीजी, ये जॉइन तो हो गया, अब करना क्या है?"

करायचं काय, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. नाव नीट लिही, फोनवर टोपणनाव असेल तर सर तुला आत घेणार नाहीत. झूममध्ये आवाज आपोआप येत नाही, 'जॉइन ऑडिओ' दाबावं लागतं. इअरफोन लाव. डेटा संपत आला तर कॅमेरा बंद कर, आवाज चालू राहू दे. चॅटमध्ये लिहिण्याआधी ते सगळ्यांना जातंय की एकालाच, हे बघ. पण ती हुशार आहे, तिने पुढचं विचारलं: सगळे म्यूट का असतात? याचं उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही. त्यासाठी १९७५ सालापर्यंत मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे फार लांब नाही, याच जयपूर जिल्ह्यात.

१ ऑगस्ट १९७५ ला देशात 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. उपग्रहावरून थेट खेड्यात दूरचित्रवाणी. उपग्रह आपला नव्हता. नासाचा एटीएस-६, वर्षभरासाठी मागून आणलेला. करार विक्रम साराभाईंनी १९६९ मध्येच करून ठेवला होता, पण प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं निवडली, त्यांत राजस्थान होतं आणि जयपूर जिल्ह्यातली गावंही होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीनेक मीटर रुंदीची छत्री उभी राहायची आणि खाली एक संच. वीज नाही तिथे बॅटरीवर. ज्या गावांत डांबरी सडक नव्हती, तिथे अमेरिकेचा उपग्रह बोलू लागला.

या प्रयोगाचं व्यवस्थापन ज्यांच्याकडे होतं ते एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. तिथेच १९२५ साली जन्मलेले. आपल्याकडे रॉकेट उडवणाऱ्यांची नावं पोरांना पाठ असतात. खेड्यातला संच बिघडला तर तो कोण दुरुस्त करील, याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. मला विचाराल तर तो हिशेब रॉकेटइतकाच अवघड होता.

रोज चार तास कार्यक्रम. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, शेती, आरोग्य, करमणूक. सकाळच्या दीड तासात हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड अशा चार वाटण्या. म्हणजे राजस्थानातल्या पोराच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. त्या साडेबावीस मिनिटांत पडद्यावरच्या बाईंनी काहीही सांगितलं, तरी पोराला "बाई, कळलं नाही" म्हणायची सोय नव्हती. आवाज आणि चित्र खाली यायचं, वर काहीच जायचं नाही.

हे त्या मंडळींना कळत नव्हतं असं नाही. त्याच वर्षात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं बारा-बारा दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा नुसत्या पडद्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. जोडीला रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग, आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला एक माणूस. शंका त्याला विचारायची. उपग्रहाला कान नव्हते, म्हणून त्याच्याशेजारी माणूस बसवला. साइटमधलं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हेच.

३१ जुलै १९७६ ला मुदत संपली. उपग्रह परत गेला, गावातले पडदे काळे झाले. पुढे जयपूरला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र १९७७ मध्ये सुरू झालं, म्हणजे या भागात टीव्ही अगदीच विझला नाही. पण वर्षभर शिकवून वर्ग एकाएकी बंद होणं काय असतं, हे इथल्या काही गावांनी २०२० च्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे.

त्यानंतरचा टप्पा मला स्वतःला आठवतो. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. पुणे विद्यापीठातही त्यासाठी कार्यक्रम तयार व्हायचे. कार्यक्रम चांगले असायचे, खोटं कशाला बोलू. पण इंग्रजीतून, आणि ऐन दुपारी, जेव्हा विद्यार्थी कॉलेजात आणि कॉलेजातला टीव्ही प्राचार्यांच्या खोलीत कुलपाआड. शंका आली तर पत्र लिहा. पत्राला उत्तर येईतो परीक्षा उलटून जायची.

१९८९ मध्ये आमचं मुक्त विद्यापीठ निघालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्यांनी भर दिला तो पुस्तकावर, पण वेगळ्या पुस्तकावर. स्वयं-अध्ययनाची ती पुस्तकं मध्येच थांबवून वाचणाऱ्यालाच प्रश्न विचारायची, पुढे उत्तर तपासायला लावायची. आणि रविवारी संपर्कसत्र, तिथे आम्ही. कंडक्टर सहा दिवसांच्या शंका तिकिटाच्या कोऱ्या मागच्या बाजूला टिपून आणायचा. त्या एका रविवारी दोन तासांत सगळं विचारून घ्यायचं असायचं, म्हणून कुणी लाजत नसे.

नव्वदच्या दशकात वरच्या दिशेने पहिला आवाज गेला, तो टेलिफोनवरून. चित्र उपग्रहावरून एका बाजूने यायचं आणि केंद्रावर जमलेले विद्यार्थी फोन लावून बोलायचे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि इस्रो यांनी हे चालवलं. लाइन लागायची नाही, लागली तर खरखर, आणि खोलीत वीस जण असले तरी फोनपाशी जायचा तो धीटच. तरी शिकवणारा मध्ये थांबायचा, "हां, बोला" म्हणायचा. तेवढ्याने खोलीतला पेंगणारा माणूस ताठ बसायचा, हे मी पाहिलं आहे. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने एज्युसॅट सोडला, फक्त शिक्षणासाठीचा देशातला पहिला उपग्रह. त्याच्या पहिल्या चाचण्यांत ज्या विद्यापीठांना जागा मिळाली त्यांत आमचं नाशिक होतं. पुढच्या दशकात मुंबईच्या आयआयटीतले दीपक फाटक देशभरच्या हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना इंटरनेटवरून एकाच वेळी शिकवू लागले. तिथे केंद्राकेंद्रावरून माणूस पडद्यावर दिसायचा आणि प्रश्न विचारायचा. म्हणजे १९७५ मध्ये जे जमलं नव्हतं ते पस्तीसेक वर्षांनी जमलं.

आणि मग मार्च २०२०. राजस्थानने तर देशाच्या आधीच, २२ मार्चपासून टाळेबंदी जाहीर केली. सिस्को कंपनी सोडून एरिक युआन यांनी २०११ मध्ये काढलेलं झूम हे कचेऱ्यांतल्या बैठकांसाठी होतं. डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला एक कोटी हजेऱ्या, एप्रिल २०२० मध्ये तीस कोटी. वर्ग कचेरीच्या साच्यात ओतला गेला, आणि त्या साच्याच्या खुणा बटणांवर राहिल्या. त्या मुलीला मी हेच दाखवते. आत घेण्यापूर्वी बाहेर ताटकळत ठेवणारी 'वेटिंग रूम' बघ. परके लोक वर्गात घुसून धिंगाणा घालू लागले, म्हणून ५ एप्रिल २०२० पासून झूमने ती फुकटच्या खात्यांना आपोआप लावली. त्याच महिन्यात आपल्या गृहमंत्रालयानेही झूम सुरक्षित नाही म्हणून सूचना काढली. मागची खोली पुसट करायची सोय गूगल मीटमध्ये त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आली. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीला तिची किंमत कळते, कारण मागून घूंघट घेतलेली आजी जात असते आणि तिला पडद्यावर यायचं नसतं.

म्यूटचंही तसंच. कुकरची शिट्टी, भाजीवाला, पंख्याची घरघर यांनी शिक्षक हैराण झाले आणि त्यांनी 'म्यूट ऑल' दाबलं. त्यांचा दोष नाही. पण साठ पोरांच्या हाती पहिल्यांदाच माइक आला, आणि पहिल्याच आठवड्यात तो बंद झाला. तीन दशकं आम्ही ज्या सोयीची वाट पाहिली, ती आल्यावर एका बटणाने १९८४ परत आणलं. उद्घाटनाच्या भाषणांत हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

इथे आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे नेटबंदी. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षकभरतीच्या 'रीट' परीक्षेला कॉपी होऊ नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. उद्या शिक्षक होणाऱ्यांच्या परीक्षेसाठी आज शिकणाऱ्यांचा वर्ग बंद. म्हणून मी त्या मुलीला वर्गातल्या दोन मैत्रिणींचे साधे फोन नंबर वहीत लिहून ठेवायला लावले.

आता ती संगणकावर बसली की म्यूट असताना स्पेसबार दाबून धरते, तेवढ्यापुरता माइक उघडतो, प्रश्न विचारते आणि सोडून देते. हात वर करायचं बटणही तिला ठाऊक आहे, पण सरांचं तिकडे लक्ष जात नाही, असं तिचं म्हणणं. प्रथम वर्षाला लागलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की जॉइन व्हायला शिकलात, त्याच दिवशी माइक उघडायलाही शिका, आणि पहिल्या आठवड्यातच एकदा बोला. नंतर धीर होत नाही. आणि शिकवणाऱ्यांना विनंती: झूमच्या फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटं मिळतात. साइटच्या पोरांना साडेबावीसच मिळायची, तीही ऐकण्याची. चाळिसातली शेवटची दहा सगळ्यांचे माइक उघडून प्रश्नांसाठी ठेवा, कुकर वाजला तर वाजू द्या.