मराठीसाठी एक खूण, एक सीडी
१९९०च्या दशकात शहागंजात टंकलेला मराठी अर्ज मुंबईच्या संगणकावर उघडला आणि तिथे तोच फॉन्ट नसला, तर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. २००० साली ‘विंडोज २०००’ने युनिकोड देवनागरी थेट प्रणालीतच आणली, तिचा ‘मंगल’ फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. २००१च्या एक्सपीत मात्र ही सोय मुळात बंद असे. ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये खूण केली, की संगणक मूळ सीडी मागे, आणि ती बहुधा कुणाच्या तरी कुलूपबंद कपाटात! तोवर अक्षरांऐवजी चौकटी, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. व्हिस्टापासून हा खटाटोप संपला. जुन्या फॉन्टांतल्या फायली मात्र युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय आजही शोधता येत नाहीत. त्या दशकाच्या अभ्यासकाला मोडीइतकीच या फॉन्टांचीही ओळख लागते.