बेहड्याची फळे, अपरादित्य राजा आणि जुगारगृहाचा वाटा

आजचा धागा फाशांचा. फासे खेळायला शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. त्याचे एक उत्तर महाभारतात सापडते, दुसरे उत्तर कोकणातल्या एका राजाने भाष्य केलेल्या स्मृतीत.

सुरुवात एका झाडापासून करू. पेण-रोह्याच्या आसपासच्या डोंगरउतारांवर बेहडा आढळतो. हिवाळ्यात त्याची करड्या रंगाची, बारीक लव असलेली फळे खाली गळतात. त्रिफळ्यातला हाच तो बेहडा, संस्कृतात बिभीतक. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जो जुगारी स्वतःच्या व्यसनाबद्दल विलाप करतो, त्याचे ‘अक्ष’ म्हणजे हीच फळे. ठिपके असलेले चौकोनी फासे सिंधू संस्कृतीतही सापडले आहेत; वैदिक द्यूत मात्र वेगळे होते.

फळांना ठिपके नसतात. मग खेळत कसे? अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे, की ढिगातून फळे उचलली जात आणि त्या संख्येला चाराने भागले जाई. बाकी शून्य उरली तर ‘कृत’, हा उत्तम डाव. तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’, आणि एकच उरले तर ‘कली’, सर्वांत वाईट. युगांची नावे आणि डावांची नावे एकच आहेत, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी थबकलो होतो. आपण कलियुगात राहतो म्हणजे एक फळ शिल्लक राहिलेल्या डावात राहतो!

अशा खेळात जिंकतो तो झटकन मोजणारा. हे ध्यानात घेतले की वनपर्वातील नलाख्यानाचा एक प्रसंग उलगडतो. द्यूतात राज्य गमावलेला नळ ‘बाहुक’ या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. वाटेत एक बिभीतक वृक्ष दिसतो. ऋतुपर्ण धावत्या रथातून सांगतो, की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग दोघांत विद्यांची देवघेव होते: नळ अश्वहृदय देतो, ऋतुपर्ण अक्षहृदय. ती विद्या मिळताच नळाच्या शरीरातला कली बाहेर पडतो आणि लपतो कुठे, तर त्याच बेहड्यात. गणना शिकल्यावर अवदसा सुटते, अशी या कथेची रचना आहे. गणिताच्या इतिहासकारांनाही ही कथा मोलाची वाटते, कारण फासे आणि संख्यांचा अंदाज या दोन गोष्टी तिने एकाच विद्येत बांधल्या आहेत.

देवही या खेळातून सुटले नाहीत. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. आपल्या रायगड जिल्ह्यातच, घारापुरीच्या मुख्य लेण्यातील कैलासावरच्या शिव-पार्वतीच्या शिल्पातही द्यूताचाच प्रसंग असल्याचे काही अभ्यासक मानतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ हे नावही आहे.

आता त्या राजाकडे वळू. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेण-रोह्याचा हा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात होता. राजधानी स्थानक, म्हणजे आजचे ठाणे. त्या गादीवरचा पहिला अपरादित्य हा स्वतः धर्मशास्त्राचा पंडित होता. याज्ञवल्क्य स्मृतीवरची त्याची विस्तृत टीका ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते. त्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या विद्वत्सभेत हजर असल्याचा उल्लेख मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात येतो. ठाण्याच्या राजाचा माणूस बाराव्या शतकात श्रीनगरच्या पंडितांत बसलेला आहे, ही कल्पनाच सुखावणारी आहे.

या स्मृतीत ‘द्यूतसमाह्वय’ नावाचे प्रकरण आहे. मनूने राजाला जुगार पुरता बंद करायला सांगितले. याज्ञवल्क्याने त्यावर नियम बसवले. जुगारगृहाचा चालक म्हणजे ‘सभिक’. शंभर किंवा त्याहून अधिक जिंकणाऱ्याकडून त्याने शेकडा पाच घ्यावेत, इतरांकडून शेकडा दहा. त्यातून ठरलेला भाग राजाला द्यावा. हरलेल्याकडून वसुली करून जिंकणाऱ्याला देणे हीही त्याचीच जबाबदारी. खोटे फासे वापरणाऱ्याला डाग देऊन हद्दपार करावे. जुगार एकाच ठिकाणी, देखरेखीखाली चालवावा. आणि याचे कारण मोठे व्यवहारी आहे, चोर तिथेच हुडकता येतात. कौटिल्याचा द्यूताध्यक्षही शेकडा पाचच घेत असे, वर फाशांचे, जागेचे आणि पाण्याचे भाडे वेगळे.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. सभिकाचा वाटा सर्वांसमक्ष घेतला जाई. जिंकणाऱ्याच्या शंभरातली पाच नाणी त्याच्या डोळ्यांदेखत बाजूला होत.

स्मृतीत न दिसणारी, जुगाऱ्याच्या घरची बाजू मराठीच्या आद्य गद्यात दिसते. लीळाचरित्रानुसार चक्रधरस्वामी पूर्वायुष्यात भडोचचे हरिपाळदेव होते आणि त्यांना द्यूताचे व्यसन होते. एकदा मोठी रक्कम हरल्यावर त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले. तिने नकार दिला. त्या नकाराने आलेली विरक्ती त्यांना रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर घेऊन गेली. महानुभाव पंथाच्या इतिहासात त्या दागिन्यांना फार मोठी जागा आहे, असे मला वाटते.

पुढचा कायदेशीर प्रवास थोडक्यात. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने मनूची बाजू घेतली; केवळ कौशल्याचे खेळ तेवढे वगळले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, म्हणजे याज्ञवल्क्याकडे वळण घेतले. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने त्याच १९७६ च्या आपल्या कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या केल्या; मांडवीतली जहाजे त्यांतूनच आली.

अशा जहाजावरचा नवशिक्या आज फासे शिकतो म्हणजे काय शिकतो? ‘क्रॅप्स’ घ्या. फासे दोन, शक्यता ३६. पहिल्याच फेकीत बेरीज ७ किंवा ११ आली तर जिंकलात. २, ३ किंवा १२ आली तर हरलात. दुसरा कोणताही आकडा आला, तर ७ येण्याआधी तोच पुन्हा पडला पाहिजे. नियम पाच मिनिटांत येतात. हिशेब मांडला तर सरासरी ४९५ डावांत २४४ जिंकाल, २५१ हराल. जिंकल्यावर लावले तेवढेच मिळतात, त्यातून कुणी काही कापून घेत नाही. जुगारगृहाचा वाटा त्या सात डावांच्या फरकात आहे. शेकडा दीडपेक्षाही कमी, म्हणून तो कुणाला जाणवत नाही.

त्याच टेबलावर ‘पुढच्या फेकीत ७’ असाही एक डाव असतो. जिंकल्यास लावलेल्याच्या चौपट मिळतात. नवशिक्याला हाच डाव भुरळ घालतो. ३६ शक्यतांपैकी ७ बेरीज सहांत येते. प्रत्येक फेकीवर एक रुपया लावा: सहा वेळा चार रुपये मिळाले, म्हणजे २४, तीस वेळा एक रुपया गेला, म्हणजे ३०. छत्तीस रुपयांत सहा गेले, शेकडा सोळाहून अधिक. याज्ञवल्क्याच्या सभिकाला शेकडा दहाच्या वर जाण्याची मुभा नव्हती.