पेवातली हळद

सांगलीच्या हळदीविषयी बोलताना आपण पिकाचेच कौतुक करतो. कृष्णाकाठची कसदार जमीन, राजापुरी वाण आणि २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, एवढ्यावर कौतुक संपते. हळदीचे उपयोग तर सगळ्यांना तोंडपाठ असतात. कापले-खरचटले की चिमूट दाबायची, खोकल्याला दुधातून द्यायची, नवरानवरीच्या अंगाला लावायची, लोणच्यात आणि फोडणीत घालायची, देवाला वाहायची. पण वर्षातून एकदाच निघणारे हे पीक रंग आणि वास न गमावता बाराही महिने घराघरांत कसे पोहोचत होते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. त्याचे उत्तर सांगलीला लागूनच असलेल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमावर, जमिनीच्या पोटात होते. सांगली हळदीची पेठ झाली ती हळद पिकवण्यापेक्षा हळद टिकवण्याच्या विद्येवर, आणि ती विद्या कागदावर न उतरवता आपण हातची घालवत आहोत, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी हळदीचे वर्ष पाहू. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण होते. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळतो, तो कापून पौष-माघात काढणी सुरू होते. कंद मोडून जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला काढतात आणि हळकुंडे शिजायला जातात. पूर्वी हे काम काहिलीत चाले. काहिलीला फेस येऊन शिजल्या हळदीचा वास शिवारभर पसरला आणि हळकुंडात काडी सहज घुसली की हळद उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण आणि शेवटी पॉलिश. ओल्या पाच मणांची वाळून जेमतेम एक मण होते. म्हणजे नवी हळद हाती लागेपर्यंत फाल्गुन उजाडतो. आता मागणीचे वर्ष पाहा. सातारा जिल्ह्यात, कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला तारळी नदीकाठी खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते ते पौषात. त्या दिवशी यात्रेत उधळला जाणारा भंडारा पाहिला की सगळी पाली पिवळी झालेली दिसते. संक्रांतीचे हळदीकुंकू त्याच सुमारास येते. त्याआधी मार्गशीर्षात चंपाषष्ठी, त्याआधी नवरात्र. नवी हळद या दिवसांत रानात किंवा काहिलीत असते. पालीच्या भंडाऱ्यात उधळली जाते ती गेल्या साली काढलेली हळद. हळदीचा सर्वांत मोठा धार्मिक खप होतो तो हळद जुनी झालेली असताना, आणि तरीही ती पिवळीधमक आणि वासाची लागते. कुंकूही पूर्वी हळदीचेच, खार आणि लिंबाच्या रसाने लाल केलेले. फिक्या हळदीचे कुंकूही फिकेच उतरणार. हा मेळ घालायचा तर हळद कुठेतरी नीट राखून ठेवावीच लागते.

ही जागा म्हणजे हरिपूरची पेवे. हरिपूर मराठी माणसाला माहीत आहे ते संगमेश्वराच्या देवळामुळे आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणून. व्यापाऱ्यांना ते माहीत होते तिथल्या मातीमुळे. घट्ट, पाणी सहजी झिरपू न देणारी आणि खोल खणले तरी कडा न ढासळणारी, अशी तिची ख्याती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट घागरीसारखे सुटलेले, असे तीन-चार पुरुष खोल पेव खणत. आतून शेणमातीने लिंपून ते कोरडे होऊ देत. तळाला आणि कडेला वाळल्या पाल्याचे अस्तर घालून हळद भरत, तोंडावर दगडी झाकण ठेवून वर माती लोटत आणि ती दाबून बसवत. एकदा तोंड बंद झाले की विक्री ठरेपर्यंत ते उघडायचे नाही. उघडतानाही शिस्त होती. झाकण काढून पेवाला वारा घेऊ द्यायचा, मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, ज्योत स्थिर राहिली तरच उतरवायचा. पेवात जीव गमावलेल्या माणसांच्या अनुभवातून ही रीत आलेली आहे, म्हणून ती कोणी मोडत नसे.

त्या विझणाऱ्या कंदिलातच पेवाचे शास्त्र आहे. साठवलेल्या हळकुंडांना भुंगेऱ्यासारखे बारीक किडे लागतात. ते पोखरत जातात आणि आत भुकटी उरते. हवाबंद पेवात किडे आणि बुरशी उरलासुरला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मग त्यांनाच जगता येत नाही. औषध मारावे लागत नाही, धुरी द्यावी लागत नाही. दुसरी गोष्ट वासाची. हळदीत साधारण ३ ते ७ टक्के उडून जाणारे सुगंधी तेल असते. टर्मेरोन हा त्याचा मुख्य भाग. वास आणि चव बरीचशी त्या तेलाची, पिवळा रंग करक्युमिनचा. तेल उन्हाने आणि मोकळ्या हवेने उडते, करक्युमिन उजेडाने फिके पडते. पेवात ऊन नाही, वारा नाही, उजेड नाही, आणि एवढ्या खोलीवर उन्हाळ्यातही मातीचा थंडावा टिकतो. हळदीचा नाश करणाऱ्या चारही गोष्टी एका खड्ड्याने अडवल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीला कीड लागू नये म्हणून हवाबंद पिशव्यांची पद्धत बसवली. प्राणवायू तोडून कीड मारण्याचे हेच तत्त्व त्यामागे होते. त्या पिशव्यांवर शोधनिबंधांची रास आहे आणि ती असायलाच हवी. हरिपूरच्या पेवाच्या वाट्याला मात्र मुख्यतः वर्तमानपत्रांतले लेखच आले.

सुगंधी वनस्पतीचा गुण वर्षभर हाताशी ठेवायचा हा प्रश्न काही एकट्या कृष्णाकाठाचा नव्हता. भूमध्य समुद्राकाठी रोझमेरीचे झुडूप घरोघरी असते. आज आपल्याकडे केसांना लावायला तिच्या तेलाची बाटली मिळते, तिच्यामागे शतकांची ऊर्ध्वपातनाची परंपरा आहे; हंगेरी वॉटर या नावाने युरोपात गाजलेले अत्तर रोझमेरी मद्यार्कात उतरवूनच केले जात असे. त्यांनी वास झाडातून काढून बाटलीत भरला. आपल्याला ऊर्ध्वपातन येत नव्हते असे मुळीच नाही. कनौजला गुलाबाचे आणि केवड्याचे अत्तर पिढ्यान्‌पिढ्या निघते आहे. पण फुलाचा वास चार दिवसांत जातो, त्याला बाटलीत भरणे भाग असते. हळकुंड शिजवून वाळवले की ते स्वतःच तेल धरून ठेवते. ते बाहेर न काढता हळकुंडासकट जपणे हा इथला मार्ग होता आणि हळदीपुरता तो अधिक शहाणपणाचा होता, कारण घराला नुसता वास नको होता. रंग हवा, चव हवी, जखमेवर दाबायला पूड हवी आणि लग्नात उखळात कांडायला अख्खे हळकुंडही हवे. तेलाच्या बाटलीने यातले एखादेच काम झाले असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पेठ पिकामुळे होते. जिथे हळद चांगली तिथे बाजार. हे खरे असते तर कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाई-कऱ्हाडकडे, हळदीची मोठी पेठ उभी राहिली असती. त्या भागातही हळद पिढ्यान्‌पिढ्या होते आहे. शिवाय सांगलीच्या सौद्यात राजापुरीबरोबर ‘परपेठ’ हळदही पुकारली जाते, म्हणजे दुसऱ्या मुलखातून आलेली. स्वतःच्या शिवारावर जगणाऱ्या पेठेला परपेठेचा माल लागत नाही. जिथे माल ठेवता येतो आणि ठेवलेला माल बिघडत नाही याची खात्री असते, तिथेच लांबचा माल येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सांगली वाढली ती राजाश्रयाने आणि व्यापाऱ्यांच्या भांडवलाने, असे म्हणणारे १८०१ साल दाखवतात. त्या साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले आणि त्यांनी पेठ वसवली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेला रेल्वे आली आणि माल दूरवर जाऊ लागला. हे सगळे मान्यच आहे. पण आश्रय आणि रेल्वे इतर गावांनाही मिळाली. हळदीच्या व्यापारात पैसा गुंतवणारा माणूस भाव चढण्याची वाट पाहतो, आणि ज्या मालाला वर्षभरात कीड लागते त्याची वाट कोणी पाहत नाही. सांगलीत हळदीचा वायदेबाजार उभा राहिला, त्यासाठी खास एक्स्चेंज झाले, याचा आधार हाच. सहा महिन्यांनी द्यायच्या मालाचा भाव आज ठरवायचा तर तो माल सहा महिने तसाच राहील हे दोन्ही बाजूंनी धरून चालावे लागते. भांडवल पेवाच्या भरवशावर आले, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

पेवांनी शेतकऱ्याचे काय भले केले, असे कोणी विचारले तर उत्तर अडचणीचे आहे. पेवात माल ठेवून थांबण्याची ऐपत बहुतेक वेळा व्यापाऱ्याची होती. काढणी, शिजवणी आणि मजुरीच्या खर्चाने वाकलेला शेतकरी हंगामातच हळद विकत असे आणि पुढची तेजी दुसऱ्याच्या पदरात पडे. टिकवण्याची विद्या आणि टिकवलेल्या मालाचा नफा एकाच हातात नव्हता. पेव खणणारे, लिंपणारे, आत उतरून भरणारे हात तर या हिशेबात कुठेच नव्हते. पेवांचे गुण गाताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्यांच्या पदरी नफा पडला नाही त्यांचे ज्ञान तरी त्यांच्या नावावर लागले पाहिजे.

उरला आरोग्याचा आक्षेप. हळदीच्या गुणांचा आज फार गाजावाजा होतो आणि त्याला विज्ञानाचा पुरेसा आधार नाही, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. करक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. २०१७ साली औषध-रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आलेल्या आढाव्याने त्याच्यावरच्या मोठमोठ्या दाव्यांना चांगलेच तपासून घेतले. हळदीच्या गोळ्यांनी असाध्य रोग बरे होतात असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण घरातली हळद अशा दाव्यांवर कधी उभी नव्हतीच. ती रोजच्या जेवणाची, त्वचेची, साध्या जखमेची आणि सणासमारंभाची वस्तू होती. तिच्याकडून अपेक्षा माफक होती, मात्र ती शुद्ध आणि ताजी असण्याची अपेक्षा पक्की होती. इथे साठवणीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. ठेवून ठेवून फिकी पडलेली हळद विकायची तर तिला बाहेरून रंग चढवण्याचा मोह होतो. शिशाचा विषारी पिवळा रंग हळदीला फासण्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघडकीला आले आहेत. हळदीचा स्वतःचा रंग शाबूत राखणे ही म्हणूनच आरोग्याचीही बाब आहे.

लिहून ठेवण्याने काय होते ते याच हळदीने दाखवले आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले. हे आमच्या आजीला माहीत होते, एवढे म्हणून चालणार नव्हते. छापील पुरावा लागत होता. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख धरून ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ साली पेटंट रद्द ठरले. हळदीचा गुण वाचला, कारण तो लिहिलेला होता. हळद राखण्याचा गुण लिहिलेला नव्हता. २००५च्या पावसाळ्यात कृष्णेच्या महापुराचे पाणी दिवसेंदिवस हरिपुरात राहिले, पेवांत शिरले, हळद कुजली आणि बहुतेक पेवे कायमची निकामी झाली. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा परत पेवे खणण्याचा विचारही मागे पडला. आता हळद शीतगृहांत आणि गोदामांत जाते.

पेवे पुन्हा सुरू करा, असे मी म्हणत नाही. नदी पूर्वीची राहिलेली नाही आणि कंदील उतरवून माणसाचा जीव अजमावण्याचे दिवसही गेले. पण कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. ‘फुले स्वरूपा’सारखा वाण तिथेच निघाला. त्या केंद्राने पुराच्या रेषेबाहेर एक पेव खणावे. एकाच खळ्यावरची हळद त्यात, शीतगृहात आणि साध्या गोदामात ठेवावी, आणि वर्षा-दोन वर्षांनी तिन्हींतले तेल, करक्युमिन आणि कीड मोजून आकडे छापावेत. माझे म्हणणे कितपत खरे आहे, तेही त्यातून कळेल. ज्यांनी स्वतः पेवे खणली आणि भरली त्यांपैकी जी माणसे हरिपुरात आज आहेत, त्यांच्याकडून मातीची पारख, लिंपण आणि भरणीची रीत बाजार समितीने आणि ग्रामपंचायतीने त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावी. ती माणसे आता थकली आहेत; हे काम याच हंगामात सुरू करावे.