गोठ्यापासून रक्तपेढीपर्यंत

सातारा-सांगलीच्या गोठ्यांत रेतमात्रा आणणारे द्रव नायट्रोजनचे भांडे ओळखीचेच. रुग्णाच्याच रक्तातील मूळपेशी गोठवण्याचे तंत्र त्याच घराण्यातले. १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना आढळले, की ग्लिसरॉल घातल्यास कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जगतात. १९५९ मध्ये लव्हलॉक व बिशप यांनी डीएमएसओ सुचवले. मूळपेशी आजही त्याच्याच आधाराने उणे १९६ अंशांवर टिकतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलेले मज्जारोपण भावंडाच्या मज्जेचे होते. मायलोमात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी चालतात, आणि गोठवणेही टळते. मेल्फलान हे औषध दिवसभरात शरीरातून ओसरते. तोवर पेशी रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये चार अंशांवर तग धरतात. भारतातील अनेक केंद्रे हेच करतात. याला गरिबाची तडजोड म्हणणे मला पटत नाही. जमीन गहाण टाकून उपचार घेणाऱ्या घरासाठी वाचलेला खर्च मोठाच असतो.