एकाच वाडग्याला पाच स्टार आणि एक स्टारही. व्हिएतनामी हॉटेलचे रिव्ह्यू नेमके कसे वाचायचे?

समजा, तुम्ही कामासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला गेला आहात. तिथे स्थायिक झालेला मित्र म्हणतो, "चल, कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी हॉटेलात फो खाऊ." तुम्ही सवयीप्रमाणे मोबाईल काढता आणि रिव्ह्यू उघडता.

एकाने लिहिलंय, रस्सा अप्रतिम. दुसऱ्याच्या मते रस्सा गोड, पैसे वाया. तिसऱ्याला वेटर उद्धट वाटला, चौथा म्हणतो दोन मिनिटांत जेवण टेबलावर आलं. कुणी पाच स्टार दिलेत, कुणी एक.

हॉटेल एकच, मग खरं कोण बोलतंय? बऱ्याचदा दोघंही. फरक जेवणात कमी आणि खाणारा काय अपेक्षा घेऊन आला होता यात जास्त असतो. व्हिएतनामी हॉटेलांच्या बाबतीत या अपेक्षांमागे इतिहास, भूगोल आणि थोडे गैरसमजही आहेत. ते समजले की रिव्ह्यू वाचणं बरंच सोपं होतं.

आधी बेसिक: फो म्हणजे काय?

फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया आणि मांसाचे काप घातलेला गरम, पातळ रस्सा. नावाचा व्हिएतनामी उच्चार 'फो' नसून 'फऽ'च्या जवळ जाणारा आहे, तोही शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. मात्र जगभर 'फो' हेच रूढ झालंय, म्हणून इथेही तेच वापरू.

मूळ फो गाईच्या हाडांचा असतो. चिकनच्या फोला 'फो गा' म्हणतात. हाडं कित्येक तास मंद आचेवर उकळतात. त्यात आचेवर भाजलेला कांदा आणि आलं जातं, शिवाय चक्रफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलची. ही यादी वाचून मराठी माणसाला आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण येईल. पण इथे मसाले वाटून घालत नाहीत. त्यांचा फक्त वास आणि स्वाद रश्श्यात उतरवतात. त्यामुळे रस्सा नितळ राहतो.

'रस्सा गोड आहे' ही तक्रार की वर्णन?

फोचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागात झाला असं मानलं जातं. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानंतर देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. आठ लाखांहून जास्त लोक उत्तरेकडून दक्षिणेत आले आणि त्यांच्यासोबत फोही मोठ्या प्रमाणावर सायगावात पोहोचला.

दक्षिणेत त्याची चव बदलली. रश्श्यात थोडी खडीसाखर आली. सोबत मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब, तुळशीच्या जातीची पानं, लिंबू आणि मिरची यांचं ताट आलं. टेबलावर गोडसर होइसिन सॉस आणि तिखट सॉसच्या बाटल्या आल्या. हनोईचा फो मात्र साधा राहिला: नितळ रस्सा, भरपूर कांद्याची पात, फार तर लसूण घातलेलं व्हिनेगर.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं. त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले आणि पुढे बोटींतून हजारो येत राहिले. यातले बहुतेक दक्षिणेतले असल्यामुळे अमेरिकेतल्या बहुसंख्य हॉटेलांत सायगावची चव मिळते. आज सॅन होजेमध्ये व्हिएतनामी वंशाचे एक लाखाहून जास्त लोक राहतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात ही संख्या इतकी नाही.

त्यामुळे 'रस्सा गोड आहे' असं वाचलंत तर ते हॉटेल दक्षिणेकडच्या पद्धतीचं असण्याची शक्यता आहे. 'सोबत पानांचं ताटच दिलं नाही' अशी तक्रार दिसली तर कदाचित ते हनोई पद्धतीचं असेल. कोल्हापूरच्या माणसाने पुण्यातल्या मिसळीला 'गोड आहे' म्हणून एक स्टार द्यावा, तसाच हा प्रकार. तक्रार खोटी नसते, पण तिच्यातून खाणाऱ्याचं गाव जास्त कळतं.

एक स्टार बहुतेकदा माणसांना मिळतो

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या संशोधकांनी येल्पवरचे सुमारे नऊ लाख रेस्टॉरंट रिव्ह्यू तपासले. भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की या टीममध्ये होते.

त्यांना दिसलं की एक स्टारच्या रिव्ह्यूमध्ये जेवणापेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलेलं असतं. तो वेटर, ती मॅनेजर, त्यांनी आम्हाला असं केलं. वाक्यं भूतकाळात असतात आणि 'मी'ऐवजी 'आम्ही' जास्त येतं. एखाद्या धक्कादायक प्रसंगातून गेलेली माणसं जशी बोलतात, तशीच ही भाषा असल्याचं संशोधकांनी म्हटलंय. थोडक्यात, एक स्टार देणारा अनेकदा दुखावलेला असतो. त्याला जेवण वाईट मिळालं असेलच असं नाही.

गल्लीतल्या व्हिएतनामी हॉटेलात असं दुखावलं जाण्याची शक्यता जास्त, कारण तिथले रिवाज वेगळे असतात. अनेक फो हॉटेलांत बिल टेबलावर आणून देत नाहीत, आपणच उठून काउंटरवर पैसे द्यायचे. वेटर दर पाच मिनिटांनी 'सगळं ठीक ना?' विचारायला येत नाही. वाडगा लगेच येतो आणि संपला की टेबल पुढच्या माणसाला हवं असतं. उडप्याच्या हॉटेलात वाढलेल्या आपल्याला यात काही वावगं वाटणार नाही. पण हसतमुख सर्व्हिसची सवय असलेल्या अमेरिकन ग्राहकाला हे उद्धट वाटू शकतं.

याचा अर्थ सर्व्हिसबद्दलची प्रत्येक तक्रार गैरसमजातून येते असा नाही. ऑर्डर चुकली आणि बदलून दिली नाही, बिलात जास्त पैसे लावले, ग्राहकाला भेदभावाची वागणूक मिळाली, या खऱ्या तक्रारी आहेत. 'वेटर हसला नाही' आणि 'बिल चुकीचं लावलं' यांत फरक करता आला पाहिजे.

'अजिनोमोटोमुळे डोकं दुखलं'

ही तक्रार चिनी, थाई, व्हिएतनामी अशा सगळ्या हॉटेलांच्या वाट्याला येते. आपण ज्याला ब्रँडच्या नावावरून अजिनोमोटो म्हणतो, ते म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून हा चवीचा घटक वेगळा केला.

१९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, अशक्तपणा वाटतो आणि छाती धडधडते, असं त्यांनी लिहिलं होतं. ते का होत असावं याचे काही अंदाज त्यांनी मांडले होते, त्यात हा पदार्थही होता. त्यावरून 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' असं नावच पडलं.

नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत हा संबंध सातत्याने सिद्ध झाला नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन हा पदार्थ सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतं. टोमॅटो आणि जुन्या चीजमध्ये ग्लुटामेट नैसर्गिकरीत्याच असतं, पण पिझ्झा खाऊन अशी तक्रार सहसा कुणी लिहीत नाही.

'ऑथेंटिक' या शब्दामागे काय असतं?

व्हिएतनामी हॉटेलचं कौतुक करताना हमखास येणारा शब्द म्हणजे ऑथेंटिक, म्हणजे अस्सल. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका अभ्यासासाठी न्यूयॉर्कमधल्या रेस्टॉरंटांचे सुमारे २० हजार येल्प रिव्ह्यू वाचले गेले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये चर्चेत आले. युरोपीय हॉटेलांना 'अस्सल' म्हणताना लोक सुंदर सजावट आणि उत्तम सर्व्हिसबद्दल लिहितात. आशियाई किंवा लॅटिन अमेरिकी हॉटेलांना अस्सल म्हणताना प्लास्टिकची स्टुलं, साधी जागा अशा गोष्टी पुढे येतात, असं त्यात आढळलं.

यात हॉटेलवाल्याची कोंडी होते. भिंतींना नवा रंग दिला, चांगल्या खुर्च्या आणल्या, की 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असा रिव्ह्यू येऊ शकतो. नाही आणल्या, तर 'जागा कळकट आहे' असा.

दराचंही तसंच. न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक कृष्णेंदु रे यांनी २०१६ मधल्या 'द एथ्निक रेस्टोरेटर' या पुस्तकात दाखवलंय की स्थलांतरितांच्या जेवणाला किती पैसे मोजायचे, हे त्या समाजाच्या प्रतिष्ठेवरही ठरतं. गरीब स्थलांतरितांचं जेवण स्वस्तच असावं असं गृहीत धरलं जातं. फ्रेंच सूपसाठी मुकाट्याने पैसे मोजणारा माणूस फोचे दर दोन डॉलरने वाढले की 'महाग झालं' म्हणून स्टार कापतो. भारतीय जेवणही याच रांगेत आहे, त्यामुळे परदेशात थाळी विकणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नसेल.

एका स्टारची किंमत किती?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. येल्पवर एक स्टार वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा परिणाम फक्त स्वतंत्र हॉटेलांवर दिसला. मोठ्या साखळ्यांवर नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोतल्या रेस्टॉरंटांची टेबलं पाहिली गेली. फक्त अर्धा स्टार जास्त दिसला तर संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी सगळी टेबलं भरण्याचं प्रमाण १९ टक्के अंकांनी वाढलं. तेव्हा येल्प सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारवर नेऊन दाखवायचं.

आता साधं गणित करू. एका छोट्या हॉटेलला २० रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.५. त्यात एक स्टारचे दोन रिव्ह्यू आले की सरासरी ४.१८ होते. जवळच्या अर्ध्या स्टारवर नेली तर थेट ४. ज्या हॉटेलचे २,००० रिव्ह्यू आहेत त्याची सरासरी मात्र ४.५ च्या आसपासच राहते. म्हणजे तेच दोन नाराज ग्राहक मोठ्या हॉटेलला जाणवतही नाहीत आणि नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या हॉटेलची टेबलं रिकामी करू शकतात.

आणि खोटे रिव्ह्यू?

तेही असतात. लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी बॉस्टनमधले रिव्ह्यू तपासले, तेव्हा येल्पच्या यंत्रणेने सुमारे १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. हॉटेलची प्रतिष्ठा कमजोर असेल तर स्वतःचं खोटं कौतुक होण्याची शक्यता वाढते आणि स्पर्धा वाढली की खोटी टीका वाढते, असं त्यांना दिसलं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं.

मग वाचायचं कसं आणि लिहायचं कसं?

वाचताना आधी रिव्ह्यूंची संख्या पाहा, सरासरी नंतर. मग मधले, म्हणजे तीन-चार स्टारचे रिव्ह्यू वाचा, कारण खूप खूश किंवा खूप चिडलेले लोक जास्त लिहितात. अलीकडच्या महिन्यांतले आधी बघा, आचारी बदलला की चव बदलते. तीच ठोस तक्रार वेगवेगळे लोक पुन्हा पुन्हा करत असतील, उदाहरणार्थ रस्सा कोमट येतो किंवा मांस शिळं लागतं, तर ती गंभीरपणे घ्या.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द शोधा. इथे त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी असा आहे. अनेक व्हिएतनामी बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे 'फो चाय' हा त्यांच्याकडे परका प्रकार नाही. तरीही रस्सा भाजीचाच आहे का आणि त्यात फिश सॉस आहे का, हे विचारा. वरून फक्त भाज्या दिसतात म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

लिहायची वेळ आली तर काय खाल्लं, कधी गेलात, काय आवडलं आणि काय नेमकं चुकलं ते लिहा. ऑर्डर चुकली असेल तर आधी काउंटरवर सांगा. बहुतेक वेळा तिथेच वाडगा बदलून मिळतो. नाहीच मिळाला, तर तेही लिहा. ती माहिती पुढच्या माणसाच्या खऱ्या उपयोगाची आहे.