लगाम, स्टेअरिंग आणि आपण

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पाणवठा लिहिला, देवळाचा दरवाजा लिहिला, शाळेची पायरी लिहिली. रस्ता मात्र लिहायचा राहिला. नाशिकमध्ये तर तो डोळ्यांसमोरून जातो. 2 मार्च 1930 रोजी जिथे सत्याग्रह सुरू झाला, त्या काळाराम मंदिरापासून मुंबई-आग्रा महामार्ग पायी जाण्याइतका जवळ आहे. सत्याग्रहावर पुस्तके झाली. पण त्या महामार्गावर रात्रीमागून रात्री ट्रक हाकणाऱ्या आपल्या माणसांबद्दल कुणी फारसे लिहिलेले नाही. तो इतिहास नव्हे, ती पोटापाण्याची गोष्ट, असे आपणही मानले काय?

‘गावगाडा’ या शब्दातच गाडा आहे. त्या गाड्यात महाराची जागा कुठे होती? गाड्यावर नव्हती, गाड्यापुढे होती. येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराला वाट दाखवायची, त्याच्या घोड्यापुढे पळायचे, सरकारी खजिन्याला सोबत करायची, मयताचा निरोप घेऊन रानोमाळ धावायचे, ही वतनाची कामे. रस्ता ज्याला सर्वांत जास्त ठाऊक, तो पायी. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. त्यापूर्वी तीस वर्षे, 1928 साली, बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात यासाठीच विधेयक मांडले होते.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत वाहनाचे दोन प्रसंग आहेत. ते आपण अपमानाचे प्रसंग म्हणून वाचतो. ते श्रमाच्या इतिहासाचे कागद म्हणूनही वाचले पाहिजेत. पहिला 1901 चा. वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एकजण कबूल झाला; अट अशी, की भाडे दुप्पट, बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्री टोलनाक्यावर मुलांना पाणीदेखील मिळाले नाही. दुसरा प्रसंग ऑक्टोबर 1929 मधला, चाळीसगावचा. आपल्या शेजारच्या खानदेशातला. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. स्टेशनावरचे टांगेवाले म्हणाले, टांगा भाड्याने न्या, हाकणार आम्ही नाही. मग वस्तीतला एकजण टांगा हाकायला बसला. त्याला कधी लगाम धरायला मिळाला नव्हता, तो हाकणार कसा? पुलावर टांगा उलथला, घोडा आणि टांगा नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

टांगेवाला काही सरदार नव्हता. दिवसाची कमाई घोड्याच्या चाऱ्यात जाणारा तो गरीब माणूस. पण लगामाची जागा त्याच्यापाशी होती, आणि त्या जागेचा मान तो पैशापेक्षा मोठा मानत होता. भाडे त्याने घेतले, मान दिला नाही. वाहन चालवणे हे साधे काम नव्हते, ती समाजातली पायरी होती, ही गोष्ट चाळीसगावच्या पुलाइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ही जागा आपल्या हाती आली कशी? एस.टी.मध्ये ती राखीव जागांमुळे आली. 1948 साली सुरू झालेल्या त्या सेवेत खाकी कपडे, बिल्ला, ठरलेली ड्यूटी, फंड होता. ट्रकमध्ये आलो ते क्लीनर म्हणून. 1972 च्या दुष्काळी कामांवर ज्या घरांनी खडी फोडली, अशा घरांतली पोरे चौथी-पाचवीतून सुटली आणि वस्तादाच्या हाताखाली गेली. टायरची हवा बघायची, काच पुसायची, चढावर चाकाला दगड लावायचा, वस्ताद पेंगला की त्याला बोलते ठेवायचे. स्टेअरिंग मिळायचे रात्री, रिकाम्या रस्त्यावर, वस्तादाची मर्जी असेल तर.

दिवस कसा जातो? लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरायचा. हमाल थप्पी लावतात, पण ताडपत्री आणि रस्सी ड्रायव्हरने ओढायची. फार आवळली तर कांद्याला घाम सुटतो, सैल ठेवली तर पाऊस लागतो. संध्याकाळी निघायचे, चांदवडजवळचा राहुड घाट, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर, मग बिजासन घाट आणि मध्य प्रदेश. आंघोळ पेट्रोल पंपावर, झोप ढाब्याच्या खाटेवर किंवा केबिनमध्ये. माल नाशवंत, म्हणून मालकाचा फोन दर दोन तासांनी. मंडीत गाडी रिकामी व्हायला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात, कारण पैसे फेरीचे मिळतात. परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या दारात बसायचे. खिशातल्या छोट्या डायरीत डिझेल, टोल, पंक्चर, हमाली आणि ‘एंट्री’ लिहिलेली असते. एंट्री म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. आता बऱ्याच मालकांनी क्लीनरही काढून टाकला आहे. म्हणजे पेंगणाऱ्याला बोलते ठेवणारा माणूस गेला.

ढाब्यावर जात विचारत नाहीत, हे खरे. रस्त्याने एवढे दिले. काचेवर निळा अशोकचक्रांकित झेंडा लावून आपली पोरे थेट कोलकात्यापर्यंत जातात. पण गाडी सोपवण्याआधी मालक आडनाव विचारतो आणि गाडीचा मालक होण्यासाठी लागणारे भांडवल आडनावाप्रमाणेच वाटलेले असते.

कायदा नव्हता असे नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे 48 तास ठरवले. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यातून आपोआप बाहेर! 1989 च्या केंद्रीय नियमांत मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती. शाळेने ज्यांना चौथीत सोडले, त्यांना ही अट पुन्हा आडवी आली. 2019 साली ती काढली गेली. याचा आनंद मानायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. कारण माझ्या वर्गात बसणाऱ्या ड्रायव्हरांच्या मुलांना त्यांचे बाप एकच सांगतात, गाडीवर येऊ नको.

जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. अपघातानंतर न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. जमावाच्या तावडीत सापडायचे की कैद भोगायची, एवढाच प्रश्न ड्रायव्हरपुढे होता. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात, आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत सरकारने बोलणी केली, ती अखिल भारतीय मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे कलम स्थगित राहिले. जून 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. जुन्या गाड्यांना ते नाही, आणि आपली बहुतेक पोरे जुन्याच गाड्यांवर आहेत. मंडीत थांबलेल्या दोन दिवसांची मजुरी कुणी द्यायची, हा विषय अजून कुठल्याच टेबलावर आलेला नाही.