निगेटिव्हचे स्कॅनिंग : घरचे आणि लॅबचे

फिल्मच्या निगेटिव्हमधून प्रकाश पाठवून तिच्यावरील प्रतिमेची डिजिटल फाइल तयार करण्याची प्रक्रिया. हे काम लॅबकडून करून घेता येते, किंवा घरी स्कॅनरवर वा मॅक्रो लेन्स लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने करता येते. या दोन मार्गांची तुलना बहुधा डीपीआयच्या (दर इंचातील ठिपक्यांच्या) आकड्यांवर येऊन थांबते. आकडे महत्त्वाचे आहेतच : ३५ मिमी फिल्मची ३६ × २४ मिमीची फ्रेम ४,००० डीपीआयला सुमारे २.१ कोटी पिक्सेलची होते, २,००० डीपीआयला अवघी ५४ लाखांची. मात्र एप्सन व्ही६०० सारख्या घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरवर ६,४०० डीपीआय छापलेले असले, तरी प्रत्यक्ष हाती येणारा तपशील त्याच्या निम्म्याहून कमी असतो. तरीही घर आणि लॅब यांतला खरा फरक तपशिलाचा नसून रंग ठरवण्याच्या अधिकाराचा आहे.

१९७२ मध्ये कोडॅकने आणलेल्या सी-४१ पद्धतीच्या रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते. फिल्ममधील रंगद्रव्यांचे दोष भरून काढण्यासाठी ती मुद्दाम दिलेली असते. स्कॅन करताना ही झाक वजा करून, प्रतिमा उलटवून, लाल, हिरवा आणि निळा यांचा तोल साधावा लागतो. आणि हा तोल एकाच प्रकारे साधतो असे नाही. लॅबमधले फुजी फ्रंटियर किंवा नोरित्सू स्कॅनिंग यंत्र तो स्वतः ठरवते, ऑपरेटर त्यात थोडा फेरफार करतो. दिवेलागणीच्या पिवळ्या उजेडातला चेहरा यंत्राला रंगदोष वाटू शकतो. ते तो ‘सुधारते’ आणि संध्याकाळच निघून जाते. हाती आलेल्या ८ बिटच्या जेपेगमध्ये ती परत आणायला फारसा वाव उरत नाही. घरी १६ बिटची टिफ फाइल करून ठेवली, तर तोच निर्णय दहा वर्षांनीही बदलता येतो.

यावर आक्षेप असा, की लॅबचे रंग नवख्याच्या रंगांपेक्षा सरस असतात आणि अख्खा रोल काही मिनिटांत होतो. नुकत्याच धुतलेल्या रोलपुरते हे अगदी खरे आहे. तिथे लॅबच निवडावी. धुळीबाबतही लॅब पुढे असते, असे म्हणतात. पण अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची सोय घरच्या अनेक स्कॅनरांतही असते. शिवाय कृष्णधवल फिल्ममधील चांदी हे किरण अडवते, त्यामुळे तिथे ती सोय दोन्हीकडे निकामी ठरते. ब्लोअर आणि धीर यांवरच भिस्त. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरलेल्या जुन्या घरगुती निगेटिव्हला तर फ्रेमगणिक वेगळी वागणूक लागते, आणि एवढा वेळ लॅबच्या दरात बसत नाही. म्हणून नवा रोल लॅबकडे द्यावा, मोलाच्या आणि जुन्या फ्रेम घरी कराव्यात. स्कॅन कुठेही होवो, मूळ निगेटिव्ह लॅबमधून आठवणीने परत घ्यावी आणि कोरड्या जागी जपावी.